भीमथडीचं तट्टू आणि आपण दखनी

मराठीत कुणाला ‘तट्टू’ म्हणणं हा काही मान नाही. पैसे घेऊन दुसऱ्याची वकिली करणारा माणूस ‘भाडोत्री तट्टू’ ठरतो. वरातीत नवरदेवाला उंच, पांढरीशुभ्र घोडी लागते. तट्टावर बसवलं तर पाहुणे गालातल्या गालात हसतील. पुतळ्यांचंही तसंच. चौकाचौकात उभे असलेले घोडे बघा. मानेला बाक, पुढचे पाय हवेत आणि अंग एखाद्या अरबी किंवा युरोपी घोड्याचं. तट्टाचा पुतळा मी तरी पाहिलेला नाही.

पण २०२३ साली महाराष्ट्राने राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारलं आणि त्याच्या पहिल्याच कडव्यात घोडा येतो तो अरबी नाही, तुर्की नाही. ते आहे भीमथडीचं तट्टू. शाळेच्या मैदानावर मुलं ते तालासुरात म्हणतात. त्यातली किती जणांनी असं तट्टू पाहिलंय, हा प्रश्न मुलांना विचारण्याआधी मी स्वतःला विचारला. मग जे वाचत गेलो, ते घोड्यापुरतं राहिलं नाही. आपल्या दखनी मुसलमानांच्या इतिहासाशी या लहानखुऱ्या जनावराची गाठ इतकी पक्की आहे की एक ओढलं की दुसरं आपोआप येतं. म्हणून हा लेख.

थडी म्हणजे काठ

भीमथडी म्हणजे भीमेची थडी, भीमा नदीचा काठ. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचा, नीरा आणि भीमेच्या मधला कमी पावसाचा माळ. इंग्रजांच्या काळात भीमथडी नावाचा तालुकाच होता. आज तो मुलूख मुख्यतः बारामती आणि दौंड तालुक्यांत येतो. शिरूर तालुक्यात ‘आलेगाव पागा’ नावाचं गाव आहे. गावाच्या नावाला पागा चिकटलेली राहते, यावरून त्या भागात घोड्याचं काय स्थान होतं ते कळतं.

हे तट्टू खांद्यापाशी मोजलं तर सव्वाचार फुटांच्या आसपास भरतं. अरबी घोडा त्याच्यापेक्षा अर्धा-पाऊण फूट तरी उंच. १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी वर्णनांत भीमथडीच्या घोड्याचं कौतुक आहे: मध्यम बांधा, अंगात ताकद, बहुधा गडद कुमैत रंग आणि काळे पाय. खूर टणक असतात. उभं राहायला तबेला मिळाला तर ठीक, नाही तर उघड्यावर. हरभऱ्याची चंदी मिळाली तर उत्तम, नाही तर कडबा आणि माळावरचं वाळकं गवत. खडकाळ घाट चढायचा, उतरायचा, दिवसभर चालायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं, हे त्याचं काम.

लहान असणं हा इथे दोष नाही, हिशेब आहे. आपल्या पठारावर पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं आणि दिवाळीनंतर पिवळं पडतं. मग पुढचे सहा-सात महिने माळ उघडाबोडका. अशा मुलखात मोठ्या जनावराचं पोट भरणं म्हणजे घरच्या धान्यावर डल्ला. जे थोडक्यात भागवेल तेच टिकेल. दुष्काळी भागातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

चौलच्या बंदरात उतरलेला घोडा

मध्ययुगात दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरच्या रायांना मात्र मोठाच घोडा हवा होता. चिलखत घातलेला स्वार पेलणारा घोडा इथे तयार होत नव्हता, म्हणून तो समुद्रावरून यायचा. अरबस्तान, इराण आणि हुर्मुझहून जहाजं निघायची आणि चौल, दाभोळ, गोवा, भटकळ या बंदरांत लागायची. या व्यापाराची किंमत काय होती याचा एक मासला मार्को पोलो देतो. १३व्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता, असं तो लिहितो. लुटीतलं बाकी सगळं चाच्यांचं, पण घोडे राजाचे!

१३४७ साली बहामनी सल्तनत उभी राहिली आणि हा व्यापार आणखी वाढला. बिदरचा थोर वजीर महमूद गावान मुळात व्यापारी म्हणूनच इराणच्या गीलानहून दाभोळच्या बंदरात उतरला होता. बिदरच्या दरबाराने त्याला ‘मलिक-उत-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार हा किताब दिला. सल्तनतीत हा किताब मोठ्या सेनानायकालाही मिळायचा. व्यापार, घोडे आणि फौज ही तीन दालनं एकमेकांत कशी उघडत होती ते त्यातून दिसतं.

याच गावानच्या काळात, १४६९च्या सुमारास, अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याच्यासोबत विकण्यासाठी आणलेला एकच घोडा होता. तो घोडा त्याला १०० रूबलांना पडला होता. चौलहून तो घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळा तिथेच काढला. जुन्नरचा अधिकारी असद खान याने त्याचा घोडा काढून घेतला. निकितिन मुसलमान नाही हे कळल्यावर त्याने अट घातली: दीन कबूल कर, घोडाही परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी, नाही तर घोडाही गेला आणि तुझ्यावर हजार नाण्यांचा दंड. मुदत ४ दिवसांची. निकितिनच्या सुदैवाने खुरासानचा एक मुसलमान गृहस्थ तिथे आला, त्याने असद खानाकडे रदबदली केली, आणि घोडा परत मिळाला. धर्मही राहिला.

या प्रसंगातला असद खान मला आवडत नाही. पण खुरासानी पाहुण्यालाही वगळून तो सांगता येणार नाही. एकाच गावात, एकाच आठवड्यात, एकाच दीनाची दोन माणसं. इतिहासातला ‘मुसलमान’ एकवचनी कधीच नव्हता.

निकितिनने आणखी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. पहिली, इथे घोड्यांना हरभरा आणि साखर-तेल घातलेली खिचडी खाऊ घालतात. दुसरी, या देशात घोडे जन्मत नाहीत, इथे बैल आणि म्हशी जन्मतात. दुसरं वाक्य वाचून मी थांबलो. निकितिन डोळे उघडे ठेवून फिरणारा माणूस. जुन्नर ते बिदर या वाटेवर त्याला एकही तट्टू दिसलं नसेल? माझा अंदाज असा की दिसलं असेल, पण त्याच्या लेखी तो ‘घोडा’ नव्हता. बाजारात ज्याला भाव नाही, ते नोंदीत येत नाही. वाणसामान वाहणारं, खेड्यातल्या पाटलाच्या दारात बांधलेलं जनावर व्यापाऱ्याच्या वहीत कशाला उतरेल?

घोड्यांचा बाजार मात्र त्याने टिपला आहे. बिदरपासून काही अंतरावर शेख अलाउद्दीन यांच्या दर्ग्यापाशी वर्षातून एकदा दहा दिवस जत्रा भरते आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असं तो लिहितो. हे ठिकाण म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद, हजरत लाडले मशायख यांचा दर्गा. पिराचा उरूस आणि घोड्यांचा बाजार एकत्र भरायचा. आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी आजही घोडेबाजार भरतो, त्याचं जुनं भावंड म्हणावं असं हे.

आफाकी आणि दखनी

समुद्रावरून येणाऱ्यांत घोड्यांसोबत माणसंही होती. इराण, इराक, मध्य आशियातून आलेल्या सरदार, विद्वान, व्यापारी मंडळींना दख्खनेत ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’ म्हणत. गरीब म्हणजे इथे परका, परदेशी. त्यांच्यासमोर उभे होते ‘दखनी’: आधीच्या पिढ्यांत उत्तरेतून येऊन इथे रुजलेले, इथलेच इस्लाम स्वीकारलेले, आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे हबशी. दोन्ही बाजूंना मुसलमान, तरी हाडवैर. आफाकींना दरबारात मान, फारसीत रुबाब आणि घोडाही उंची. दखनींची बोली दखनी, ज्यात पुढे मराठी, कन्नड, तेलुगू शब्द सहज मिसळले.

हे वैर फार महागात पडलं. १४८१ साली दखनी गटाच्या काही सरदारांनी महमूद गावानच्या नावाने बनावट पत्र तयार केलं आणि सुलतानाने शहानिशा न करता त्या म्हाताऱ्या वजिराचं डोकं उडवलं. त्याच्यानंतर बहामनी राज्य फार काळ एकसंध राहिलं नाही. म्हणून ‘दखनी’ शब्द उच्चारताना मला नुसता अभिमान वाटत नाही. आपल्यापेक्षा उशिरा आलेल्याला परका म्हणून मारण्याचा गुन्हा आपल्या नावावरही जमा आहे. ‘बाहेरचे’ हा शिक्का आज ज्यांच्यावर मारला जातो, त्यांनी तो एकेकाळी दुसऱ्यांवर मारला होता हे लक्षात ठेवलेलं बरं.

दखनी घोड्याचा जन्मही याच घुसळणीत झाला. बंदरातून आलेले अरबी, इराणी, तुर्की घोडे वर पठारावर गेले. काही युद्धात मेले, काही हवेने मेले, आणि काहींचं रक्त इथल्या गावठी घोड्यांत मिसळलं. भीमा-नीरेच्या काठचा चपळ, देखणा, पण काटक घोडा त्या मिश्रणातून घडला, असं घोड्यांचे जाणकार मानत आले आहेत. उंची इथल्या गवताने ठरवली, डौल थोडाफार बाहेरचा राहिला. दोन-तीनशे वर्षांत तो इतका इथला झाला की त्याचं नावच नदीवरून पडलं.

अकबराच्या यादीत शेवटचा

मोगल दरबार घोड्यांच्या बाबतीत फार काटेकोर होता. ‘आईन-इ-अकबरी’त घोड्यांच्या सात प्रती दिल्या आहेत: अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी आणि जंगला. स्वाराचा पगार घोड्याच्या प्रतीवर ठरायचा आणि फसवणूक टाळण्यासाठी घोड्याला डाग द्यायचे. शेवटच्या प्रती हिंदुस्थानी घोड्यांच्या. त्यातही चांगला तो ताजी, मधला तो जंगला आणि अगदी कनिष्ठ तो तट्टू. म्हणजे अबुल फज्लच्या कागदावर आपलं जनावर यादीच्या तळाशी.

याच तळाच्या जनावराने पुढे मोगलांच्या नाकी नऊ आणले आणि त्या कामाचा पहिला मोठा उस्ताद होता मलिक अंबर.

अंबर हबशी. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान याच्या पदरी राहिला. ज्या समुद्रमार्गाने घोडे यायचे, त्याच मार्गाने गुलामही यायचे. पुढे निजामशाही मोडकळीला आली तेव्हा तीच उचलून धरायचं काम या माणसाने केलं. समोर मोगलांची फौज: जड तोफा, हत्ती, उंची घोडे, त्यांच्यामागे चारा-दाण्याचे लांबलचक तांडे. मैदानात समोरासमोर गाठ पडली तर अंबरचा निभाव लागणार नव्हता. म्हणून त्याने मैदानात गाठच पडू दिली नाही.

त्याच्याकडे होते मराठा स्वार आणि त्यांची तट्टं. अंगावर चिलखत नाही, खोगिराखाली घोंगडी, सोबत मूठभर दाणा. रात्री छावणीवर घाला घालायचा, रसद तोडायची, पाठलाग सुरू झाला की घाटात शिरायचं. मोठा घोडा पळायला वेगवान, पण त्याला रोज दाणा हवा. रसद तुटली की दोन दिवसांत त्याची कंबर खचते. तट्टू मात्र माळावर तोंड घालून पुढे निघतं. या युद्धपद्धतीला ‘बारगीगिरी’ म्हणत. आपण तिलाच गनिमी कावा म्हणतो. बारगी म्हणजे बारगीर, ज्याचा घोडा धन्याच्या किंवा सरकारच्या मालकीचा असतो असा स्वार. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. विजापूरकरांनीही असे मराठा बारगीर फार आधीपासून पदरी ठेवले होते. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने १५३४ साली गादीवर आल्यावर आफाकींना कमी करून दखनींना जागा दिली आणि सरकारी हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत आणले, तोही याच प्रवाहाचा भाग.

१६२४ साली नगरजवळ भातवडीला अंबरने मोगल आणि विजापूरच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. त्याने तलाव फोडून वाटा चिखलाच्या केल्या. जड फौज रुतली आणि हलक्या स्वारांनी तिला रात्रंदिवस झोपू दिलं नाही. या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. मालोजीराजांनी आपल्या या दोन मुलांची नावं नगरच्या शाह शरीफ या सुफी बुजुर्गांवरून ठेवली, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. जहांगीर बादशहाचा अंबरवर इतका राग होता की त्याने एक चित्र काढून घेतलं: पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते त्याला कधीच जमलं नाही. १६२६ साली अंबर म्हातारपणी वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

पागेतली माणसं

छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेत ही पद्धत पूर्णत्वाला गेली. सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था सविस्तर येते. २५ बारगीरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, अशी चढती रचना. मला त्यात एक बारीक तपशील फार मोलाचा वाटतो: दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा. मोहिमेत तलवारीआधी या दोघांची सोय केलेली असे.

महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्रही प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळला तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारली असं होईल. आणि मग तुम्ही रयतेकडे हात घालाल, तर रयत म्हणेल यांच्यापेक्षा मोगल बरे. आज ते पत्र रयतेच्या काळजीसाठी वाचलं जातं, तसं वाचायलाच हवं. पण ते एका घोडेवाल्याचंही पत्र आहे. भुकेलं घोडं आणि लुटलेला शेतकरी यांच्यात एकाच वैरणीच्या पेंढीचं अंतर असतं, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

पागेतल्या शब्दांकडे नीट पाहा. लगाम, जीन, खोगीर, चाबूक, स्वार, पागा हे शब्द फारसीतून आले. नाल, रिकीब, तबेला यांचं मूळ अरबी. रंगांत अबलख, कुमैत, नुकरा. चालीत रवाळ. पण घोडा, शिंगरू, टाप, खूर, वैरण, चंदी, दुडकी हे इथले. जनावर इथलं, त्याच्या अंगावरचं सामान बाहेरून आलेलं आणि दोन्ही मिळून एक स्वारी. उलट दिशेनेही देणंघेणं झालं. घोड्यांच्या वैद्यकावरचा शालिहोत्राचा संस्कृत ग्रंथ बहामनी काळात दख्खनेत फारसीत गेला आणि घोड्याच्या वैद्याला आपल्या लोकांच्या बोलीत ‘सलोतरी’ म्हणू लागले. शालिहोत्र ऋषीचं नाव मुसलमान वैद्याच्या पेशाला चिकटलं, कुणाला खटकलं नाही.

हे पेशे आडनावांत आजही जिवंत आहेत. नालबंद, पखाली, बारगीर ही आपल्यातली आडनावं. जीन शिवणारे जिनगर, घोडी शिकवणारे चाबुकस्वार, शिलेदार ही वेगवेगळ्या जातीधर्मांत विखुरलेली. एका घोड्याभोवती ही सगळी माणसं उभी राहायची, तेव्हा कुठे तो मोहिमेला निघायचा. इतिहासाच्या पुस्तकात स्वाराचं नाव येतं. नालबंदाचं येत नाही, ते त्याच्या नातवंडांच्या रेशनकार्डावर येतं.

दुसरी बाजू

तट्टाची गोष्ट सांगताना बंगाल वगळता येत नाही. १७४० ते १७५०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. तिथल्या लोकांनी ‘बारगी’ शब्दाचा ‘बर्गी’ केला आणि तो भीतीचा शब्द झाला. बंगाली अंगाईगीतात बर्गी आजही येतात, मुलाला झोपवताना. आपल्याकडे शौर्याचा असलेला शब्द दुसरीकडे लुटीचा ठरतो. आणि या स्वाऱ्यांना वाट दाखवणारा मीर हबीब इराणी मुसलमान होता, समोरचा नवाब अलिवर्दी खानही मुसलमान. हिंदू-मुसलमान असे दोन रकाने आखून हा हिशेब मांडायला गेलं तर एकही बेरीज जुळत नाही.

१७६१ला पानिपतावर तट्टाची दुसरी मर्यादा उघडी पडली. डोंगर नाही, घाट नाही, सपाट मैदान. भोवती अब्दालीचा वेढा, चारा बंद. तट्टू थोडक्यात भागवतं हे खरं, पण काहीच नसेल तर तेही मरतं. छावणीत घोडी उपासमारीने मेली आणि उरलेल्यांवर बसून स्वार लढायला निघाले. गनिमी काव्याचा घोडा त्याच्या मुलखाबाहेर, त्याच्या पद्धतीबाहेर वापरला गेला, त्याची ही किंमत.

शेवटचे सांभाळकर्ते

१८१८नंतर हजारो स्वार बेकार झाले. इंग्रजांनी शिरूरकडच्या आलेगावला घोडे पैदास करण्याचं केंद्र काढून पाहिलं, पण त्यांना उंच घोडा हवा होता. मुंबईत अरबी घोड्यांचा बाजार तेजीत होता, पुढे ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ घोडे येऊ लागले. रेल्वेने घाट ओलांडला आणि ओझ्याचं कामही कमी झालं. १८७६-७८च्या दुष्काळात माणसांनाच अन्न नव्हतं, तिथे जनावरांचं काय. पेशव्यांचे सरदार गेले, पागा गेल्या, आणि भीमथडीचं तट्टू इतिहासातून बाहेर पडून पुन्हा तिथेच गेलं जिथून आलं होतं: निकितिनच्या वहीबाहेर.

त्याला सांभाळलं धनगरांनी. दिवाळीनंतर पुणे, सातारा, नगरकडच्या कोरड्या भागातून मेंढरं कोकणाकडे निघतात आणि पावसाआधी परततात. या चालत्या वाड्यात तट्टू म्हणजे घर. भांडीकुंडी, घोंगड्या, मेंढरं कोंडायची वाघर, टोपलीत कोंबड्या, कालपरवा जन्मलेली कोकरं आणि वर बसलेलं एखादं पोर. घाटातली पायवाट, ओढा, नांगरलेलं रान, त्याला सगळं सारखंच. रस्त्यावर ही रांग दिसली की आपण गाडीचा हॉर्न वाजवतो. त्या रांगेत राज्यगीतातलं तट्टू आपल्या समोरून जात असतं.

सरकारी कागदावर या घोड्याला वेगळी जात म्हणून बराच काळ नाव नव्हतं. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पीती आणि झंस्कारी या सातच देशी जाती नोंदलेल्या होत्या. पुणे जिल्ह्यातल्या घोडेप्रेमींनी आणि अभ्यासकांनी पाठपुरावा केला आणि २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने ‘भीमथडी’ ही आठवी जात म्हणून नोंदवली. नोंद वेळेत झाली असं म्हणणं मात्र कठीण आहे. २०१९च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून सुमारे ३.४ लाख उरली होती. २०१२च्या तुलनेत जवळपास ४५ टक्क्यांची घट.

घोड्यांसोबत माणसंही कमी होतात. टांगे गेले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते हे खरं होतं, आणि त्या गाड्यांवर चूल पेटत होती हेही खरं होतं. माथेरानसारख्या ठिकाणी अजून शेकडो घोडी चालतात आणि तिथल्या घोडेवाल्यांत आपले लोकही आहेत. नालबंद मात्र हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. खुराला किती घासायचं, खिळा कुठल्या कोनात गेला तर मांसाला लागत नाही, हे हातातलं ज्ञान कुठल्या ब्युरोत नोंदवता येत नाही.

नोंदणीची बातमी वाचताना मला एका शब्दाची गंमत वाटली: ‘देशी’. ज्या घोड्याच्या रक्तात अरबी आणि तुर्की घोड्यांचा अंश मानला जातो, त्याला शास्त्रज्ञांनी देशी म्हटलं, आणि ते बरोबरच आहे. ब्युरो घोड्याला वंशावळ विचारत नाही, की तुझा खापरपणजा चौलच्या बंदरात कोणत्या जहाजातून उतरला. तो बघतो की हे जनावर या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं का, इथल्या हवेला, गवताला, कामाला जुळून त्याचा स्वतःचा असा घाट तयार झाला का. जात ठरते ती राहण्याने आणि राबण्याने. माणसांच्या बाबतीत आपण इतका साधा नियम का लावत नाही, हा प्रश्न मी इथे मांडून ठेवतो. उत्तर प्रत्येकाने आपापल्या मोहल्ल्यात आणि आळीत शोधावं.

आपल्या बाजूनेही एक काम आहे. पुष्कळ दखनी घरांत वंशावळ सांगताना थेट अरबस्तान, बगदाद, बुखारा गाठला जातो. असेलही. पण नालबंद, पखाली, बारगीर ही नावं सांगणारी घरं त्याहून जुनी कागदपत्रं जवळ बाळगून आहेत, ती म्हणजे त्यांचा पेशा. कुरआनमधल्या ‘अल-आदियात’ या सूरेची सुरुवातच धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते, टापांतून उडणाऱ्या ठिणग्यांपासून. त्या ठिणग्या दगड आणि खुराच्या घर्षणातून निघतात. मोहरमात गावोगाव नालसाहेब बसतात. कोल्हापूरच्या बाबूजमाल दर्ग्यातला ‘नाल्या हैदर’ पंजा तर सगळ्या शहराचा, हिंदू घरांतूनही त्याला नैवेद्य जातो. घोड्याच्या पायातलं झिजलेलं लोखंड आपण डोक्यावर घेतो. मग ते लोखंड ज्याने ठोकलं त्या हाताचं, आणि ज्याच्या पायात ते झिजलं त्या बुटक्या तट्टाचं नाव घ्यायला लाजायचं कारण नाही.

यंदा दिवाळीनंतर घाटरस्त्यावर धनगरांचा वाडा दिसला तर गाडी जरा बाजूला घ्या. रांगेतलं तट्टू बघा: गडद अंग, काळे पाय, पाठीवर संसार. पोराबाळांना सांगा, तुम्ही रोज गाता तो घोडा हाच.